अर्धा हत्ती

"तुम्हांला कोणत्या ऐतिहासिक व्यक्तीला भेटायला आवडेल?" असा निबंध मी आठवीला दिला आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

देवगाव रंगारीच्या पुढं एका वाडीवर माझी शाळा. शहरातून रोज एसटीनं जायचे. परतीच्या गाडीत वह्या उघडल्या आणि हसून हसून पुरेवाट झाली. निम्म्या पोरांच्या घरी महाराज आलेले, पण प्रश्न एकानंही विचारला नव्हता! आधी पाय धुवायला पाणी, मग चहा, मग 'जेवल्याबिगर जाऊ देणार नाय' म्हणून पिठलं अन् शेंगदाण्याची चटणी. एकानं महाराजांचा घोडा बांधला, त्याला कडबा टाकला आणि निबंध तिथंच संपवला. मी तो कडबा कंडक्टरला वाचून दाखवला. तो तिकिटं फाडायची विसरला.

एका मुलीच्या वहीवर मात्र माझं डोकं फिरलं. वेरूळच्या सहलीत तिला एका कोपऱ्यात अर्धवट कोरलेला हत्ती दिसला होता. सोंड झालेली, मागचं अंग नुसता डोंगर. तो कोरणाऱ्या माणसाला तिला भेटायचं होतं. "मी त्याला भाकरी देईन आणि विचारीन, दादा, अर्ध्यात का सोडलं?" मी लाल पेनानं खरडलं, 'व्यक्तीचं नाव? पुन्हा लिही.'

दुसऱ्या दिवशी पोरगी टेबलापाशी हजर.

"मॅडम, त्याचं नाव कुणालाच ठावं नाय. म्हणून तर भेटायचंय."

झालं! मी वही पुन्हा पुढ्यात ओढली. मग ती हळूच म्हणाली, "पालकसभेत वाचू द्या ना. माझा बाप येणारंय. सभा झाली की मला मेंढरांमागं न्यायचं म्हणतो. मग शाळा बंद."

अगं बाई! माझा राग कुठल्या कुठं पळाला. लाल शेरा मी तिच्यासमोरच खोडला, आणि लाज वाटली ती वाटलीच.

सभेला तिचा बाप आला. खुर्ची दिली तरी नको म्हणाला, दाराशी उकिडवा बसला. पोरीनं एका दमात निबंध वाचला. भाकरीपाशी सगळे हसले, बाप तेवढा हसला नाही.

"त्यानं का सोडलं ते मला ठावं हाय," तो बसल्याजागीच बोलला. सगळ्यांच्या माना वळल्या. "बापानं हाक मारली असंल. मी बी सातवीतनं तसाच उठलो."

पोरीनं वही छातीशी धरली.

तो उठला, धोतर झटकलं आणि मला म्हणाला, "मॅडम, आम्ही रानोमाळ फिरणार. हिची ऱ्हायची सोय कुठं व्हईल?"

मागून खिचडी शिजवणाऱ्या मावशी ओरडल्या, "माझ्याकडं की! चार पोरी हायेत, पाचवी लई होत नाय!"

अशा टाळ्या पडल्या म्हणून सांगू! माझ्या डोळ्यांना धार लागलेली आणि मी खुळ्यासारखी हसत होते. त्या गलक्यात पोरगी वही घेऊन माझ्यापुढं उभी.

"मॅडम, मार्क राहिले."

वही टेकवायला काही सापडेना. बाप वळला, वाकला आणि त्यानं पाठ पुढं केली. त्या पाठीवर वही ठेवून मी लिहिलं, दहापैकी दहा.