बंद कंपनीच्या चालू तक्रारी

तक्रारकाकूंचं खरं नाव त्यांच्या यजमानांनाही पटकन आठवत नसे, आणि त्यात यजमानांचा दोष नव्हता. एकवीस वर्षं हजारभर घरांनी त्यांना याच नावाने हाक मारली होती. नाव पडलं ते धंद्यातून. यजमानांची इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी होती. कंपनी म्हणजे तरी काय, घराच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या पेट्या, एक पंखा पेट्यांसाठी आणि एक मालकांसाठी. पेट्यांचा पंखा बिघडला की मालकांचा काढून तिकडे लावत, म्हणून मालक बाराही महिने वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले.

मालक पेट्या सांभाळत. खांबावर चढायला एक हडकुळा गडी होता, त्याला सगळे खांब्या म्हणत. राहिला फोन. तो मालकांनी उभ्या जन्मात उचलला नाही. फोन वाजला की ते कपाटात डोकं घालून असे निरखायला लागत, जणू त्यातली एखादी पेटी आता बाळंत होणार आहे. शेवटी फोन काकूंच्या गळ्यात पडला. स्वयंपाकघरात, फ्रीज आणि खिडकीच्या मधे एका स्टुलावर त्याची स्थापना झाली. शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन आणि एक जाडजूड वही.

काकूंना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माणसातलं मात्र सगळं कळत होतं.

"काकू, तासभर झाला, काही चालत नाहीये!"

"पेटीवर दिवा लाल की हिरवा?"

"लाल."

"पेटी बंद करा, शंभर आकडे मोजा, मग चालू करा."

"दहा मोजले तर नाही का चालणार?"

"चालेल की. मग उद्या परत फोन कराल."

शंभर आकडे होईपर्यंत माणसाचा राग निम्मा उतरतो आणि पेटीही ताळ्यावर येते, हा शोध काकूंचा स्वतःचा. प्रत्येक तक्रार वहीत जायची: तारीख, वेळ, कोण, काय म्हणणं, आणि शेवटी 'आवाज' असा एक रकाना. त्यात 'चिडका', 'रडवेला', 'तोंडात घास', 'सासूसमोर बोलतोय' असल्या नोंदी. तक्रार मिटली की तिच्यावर आडवी रेघ. पुढे मोठ्या कंपन्या आल्या, गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली आणि धंदा बंद करावा लागला. त्या दिवशी काकूंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. रेघ नसलेली एकही तक्रार सापडली नाही. "कंपनी गेली, पण कुणाचं देणं ठेवून गेली नाही," असं त्या भेटेल त्याला सांगत. फोन तेवढा ठेवला, कारण त्यावर त्यांच्या बहिणीचा फोन यायचा.

याला सात वर्षं झाली. एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, काकू भाजी निवडत असताना फोन वाजला.

"तुमच्या नेटवर्कमधून आमच्यावर हल्ला चाललाय!" पलीकडचा माणूस ओरडला.

सवय ती सवय. काकू म्हणाल्या, "दिवा लाल की हिरवा?"

"बाई, मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतोय. तुमच्याकडून कालपासून आम्हाला दोन लाख फसव्या मेल आल्यात."

"आमच्याकडून? अहो, आमची कंपनी बंद होऊन सात वर्षं झाली."

"मग नोंदीत हा फोन नंबर कसा?"

"कंपनी बंद झाली, फोन नाही बंद झाला."

त्याने रागाने फोन ठेवला. काकूंनी माळ्यावरून वही काढली, धूळ झटकली आणि सात वर्षांनंतर नवी तक्रार लिहिली. आठवड्याभरात अकरा झाल्या, तीन आठवड्यांत एक्केचाळीस. कॉलेजं, बँका, एक बिस्किटांचा कारखाना. आणि एकावरही रेघ मारता येईना. काकूंना जेवण गोड लागेना.

"अहो, ऐकलंत का? आपली कंपनी चालू झालीये."

मालक आता जुनी घड्याळं दुरुस्त करत. पुढच्या खोलीत नऊ घड्याळं टांगलेली आणि नवांची नऊ मतं. त्यांनी भिंग डोळ्यावरून न काढताच उत्तर दिलं, "मी नाही केली."

मग काकूंनी खांब्याला बोलावलं. खांब्या आता मोठ्या कंपनीत थंडगार खोलीत खुर्चीवर बसून काम करी. पोट असं सुटलं होतं, की खांबावर चढला असता तर खांबच खाली आला असता. रविवारी तो आला, स्टुलाशेजारी बसला, वही वाचली आणि हातातल्या फोनवर बराच वेळ काहीबाही बघत राहिला.

"काकू, इंटरनेट म्हणजे हजारो छोट्यामोठ्या वस्त्या. प्रत्येक वस्तीला एक नंबर. एएस नंबर म्हणतात. वस्तीने शेजारच्या वस्तीला ओरडून सांगायचं, अमक्या घरांची वाट माझ्याकडून जाते. शेजारी ते पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. मग सगळं त्या वाटेने जातं."

"ओरडणारा खरं बोलतोय कशावरून?"

खांब्याने डोकं खाजवलं. "हल्ली तपासायला लागलेत. पण सगळे नाहीत. बरंचसं विश्वासावर चालतं."

"एवढं जग विश्वासावर? आणि मी इथे दूधवाल्याचं माप तपासते!"

"आपल्यालाही एक नंबर होता. कंपनी बंद करताना आपण खांब काढले, वायरी गुंडाळल्या, पेट्या विकल्या, पाटीसुद्धा विकली. नंबर परत केला का?"

दोघांनीही मालकांकडे पाहिलं.

"नंबर काय हातगाडीवर घालून न्यायची वस्तू आहे?" मालक म्हणाले.

"एक पत्र लिहायचं होतं, मालक."

"मला वाटलं, आपोआप जाईल."

"आणि वेबसाइटचं ते नाव? कंपनीचा ईमेल त्याच्यावर होता."

"बंद दुकानाच्या नावाचं भाडं कोण भरतो?"

"कोणीच नाही. म्हणून ते नाव मोकळं झालं आणि दुसऱ्याने घेतलं, राजरोस, दुकानात जाऊन घ्यावं तसं. नावाबरोबर आपला ईमेल त्याच्या हातात आला. त्याने हे नंबर वाटणाऱ्या नंबर कार्यालयाला लिहिलं, 'पासवर्ड विसरलो.' त्यांनी बिचाऱ्यांनी नवा पाठवला, त्याच ईमेलवर. आता तो म्हणजे आपण."

"आयत्या बिळावर नागोबा!" काकू म्हणाल्या.

"तो आपल्या नावाने ओरडतो, दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांचे पत्ते आपल्या वाटेवर आणतो, तिथून घाण पसरवतो. फोन नंबर बदलायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत त्याने. म्हणाला असेल, फोन कोण करतंय आजकाल."

"पण आमचाच नंबर का? जगात चोरायला दुसरं काही नव्हतं?"

"नव्या नंबराकडे लोक संशयाने बघतात. आपला जुना, एकवीस वर्षांत एक डाग नाही. शिवाय पडीक. 'हा मी नव्हे' म्हणायला तिथे राहतंय कोण?"

एकवीस वर्षं शंभर शंभर आकडे मोजायला लावून जे नाव राखलं, ते असं चोराच्या अंगाला सुगंधी साबणासारखं लागलं होतं. वर खांब्याने ओळखीच्या माणसाकडून आणखी एक बातमी काढली. चोराने नंबर दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर करायचा अर्ज टाकला होता. शुक्रवारी तो मंजूर होणार. मग नंबर कायमचा त्यांचा, आणि आतापर्यंतची पापं कायमची काकूंच्या कंपनीची.

गुरुवारी सकाळी काकू वही आणि कंपनीचा जुना कागद पिशवीत घालून बसमध्ये बसल्या. निघताना मालकांना बजावलं, "फोन वाजला तर उचला."

"मी?"

"नाही, घड्याळं उचलतील."

तीन तासांनी त्या नंबर कार्यालयात पोचल्या. काचेच्या भिंती, ओळीने टेबलं, आणि प्रत्येक माणूस शेजारच्याशी बोलायचं तरी पडद्यावर टाइप करून. साहेब तरुण होता, वागायला नम्र आणि नियमाला पक्का.

"आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या कंपनीने कालच ईमेलने होकार दिलाय."

"आमची कंपनी मी आहे. भागीदार म्हणून माझी सही आहे कागदावर, बघा."

"कागद जुना आहे, काकू. तुम्ही तुम्हीच आहात हे नोंदलेल्या ईमेलवरून कळवा."

"तो ईमेल चोराकडे आहे."

"मग त्यांना आधी..." साहेब थांबला.

"काय? चोराला जाऊन सांगू, बाबा रे, मी मीच आहे असं लिहून दे?"

शेजारच्या टेबलावरचं टाइप करणं बंद पडलं. साहेबाने गळ्यातला टाय सरळ केला. "तसं नाही. पण ती मंडळी फार व्यवस्थित आहेत हो. पत्राला दहा मिनिटांत उत्तर. शुद्ध भाषा, खाली आभार."

"तिथेच ओळखायला हवं होतं. आमच्या मालकांनी आजवर तुमच्या एका तरी पत्राला उत्तर दिलंय का?"

साहेबाने जुनी नोंद उघडली. एकवीस वर्षांत चौदा पत्रं गेलेली, उत्तर शून्य. "माणसं सुधारतात," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"तुम्ही आमच्या माणसाला पाहिलेलं नाही. बरं, नोंदीत फोन आहे ना? लावा."

"फोन आम्ही लावत नाही. तशी पद्धत नाही."

"हात मोडतो का?"

साहेबाने फोन लावला. तेरा वेळा वाजला. चौदाव्यांदा कोणीतरी साप पकडावा तसा उचलला.

"हॅलो, आपण कंपनीचे मालक का?"

"तक्रार आहे का?" मालकांचा आवाज, मागे घड्याळांची टिकटिक.

"नाही, चौकशी आहे."

"मग मी मालक."

"आणि तक्रार असती तर?"

"तर तक्रारकाकू बाहेर गेल्यात."

साहेब हसला, पण लगेच सावरला. हसू आलं हा काही पुरावा नव्हे. "काकू, मला पटतंय हो. पण वर काय दाखवू? कंपनी बंद असल्याचं आमच्याकडे कधी कोणी कळवलेलंच नाही."

काकूंनी वही त्याच्यापुढे सरकवली. "एक्केचाळीस जणांना कळवलंय. वाचा."

साहेब वाचू लागला. हॉस्पिटल, दोन लाख मेल, आवाज न झोपलेला. बिस्किटांचा कारखाना, मशीन थांबलं, आवाज कुरकुरीत. पानं उलटता उलटता एका नोंदीवर त्याचं बोट थांबलं, आणि तो हळूहळू मोठ्याने वाचायला लागला.

"'सोमवार, बारा चाळीस. नंबर कार्यालयातून एक बाई. विचारलं, कंपनी चालू आहे का. सांगितलं, सात वर्षं बंद. म्हणाल्या, हे ईमेलने कळवा. सांगितलं, ईमेल नाही. म्हणाल्या, मग नोंद करता येणार नाही. आवाज: घसा बसलेला. मागे एक पुरुष "माझा चार्जर कोणी नेला" म्हणून ओरडतोय.'"

चौथ्या टेबलावरून गळ्याला रुमाल गुंडाळलेल्या एक बाई उठल्या.

"मीच ती," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "हॉस्पिटलवाल्यांचं पत्र आलं होतं, म्हणून मी फोन केला. यांनी सगळं खरं सांगितलं होतं, साहेब."

"मग मला बोलला का नाहीत?"

"ईमेल आला नाही ना. आणि सोमवारी तुम्ही त्या चार्जरच्या मागे होता."

साहेब कानापर्यंत लाल झाला. पण माणूस मनाचा सरळ होता. त्याने तिथल्या तिथे अर्ज थांबवला, घोगऱ्या बाईंचं म्हणणं लेखी घेतलं, वहीच्या पानांचे फोटो जोडले. मग आसपासच्या मोठ्या नेटवर्कवाल्यांना निरोप गेले, की या नंबराच्या नावाने कोणी ओरडलं तर ऐकू नका. पहिला होकार खांब्याच्या कंपनीचा आला. तीन वाजेपर्यंत चोराच्या वाटा एकेक करून मिटल्या. तो चोर कोण, कुठला, हे काही कळलं नाही. दहा मिनिटांत उत्तर देणारा तो माणूस, त्या दिवसापासून त्याने एका ओळीचंही उत्तर दिलं नाही.

"आता नंबर तुमचा," साहेब म्हणाला. "ठेवायचा असेल तर ठेवा. वर्षातून एकदा आम्ही विचारू, उत्तर तेवढं द्यायचं."

काकूंनी थोडा विचार केला. एकवीस वर्षांचं नाव होतं, सोडवत नव्हतं. "उत्तर देणार मी. आणि माझ्यानंतर? चौदाव्यांदा वाजल्यावर उचलणारा एक माणूस." त्यांनी परत करायच्या अर्जावर सही ठोकली, आणि मग साहेबाचा फोन स्वतःकडे ओढला.

"आता काय, काकू?"

"आता एक्केचाळीस माणसांना सांगायला नको? तुम्ही बँका घ्या. तुम्ही बाई, घसा सांभाळून, कॉलेजं घ्या."

"पण मी काय सांगू त्यांना?" साहेबाने आयुष्यात परक्या माणसाला फोन केला नव्हता.

"खरं सांगा. चटकन संपतं."

काकूंनी हॉस्पिटलला लावला. तोच माणूस होता.

"हो, दुपारपासून थांबलंय," तो म्हणाला. "पण नक्की चूक कोणाची होती?"

"आमची," काकू म्हणाल्या. "घर सोडताना दार नुसतं लोटलं, कुलूप घातलं नाही. कोणीतरी आत शिरून आमच्या खिडकीतून तुम्हाला दगड मारत होता. माफ करा."

पलीकडचा माणूस या वेळी ओरडला नाही.

"बाई, सात वर्षं बंद असलेली कंपनी माफी मागते, आणि आमची चालू कंपनी साधा फोन उचलत नाही. तुमचं कनेक्शन मिळेल का हो?"

"नाही हो, नंबरसुद्धा आत्ताच परत केला," काकू म्हणाल्या आणि पेन उघडलं. "पण ते कोण फोन उचलत नाहीत, त्यांचा नंबर सांगा. मी बोलते त्यांच्याशी."