पुस्तकात तीन, यंत्रात एक

आधी दिवस नोंदवतो, मग माणसे. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी गिरणी कामगारांच्या हजेरीची मूळ कार्डे लगदा करण्यासाठी ट्रकमध्ये भरली गेली. त्यानंतर होळीला लागून आलेल्या मंगळवारी भायखळ्याच्या कार्यालयातील एका यंत्राची डिस्क बंद पडली आणि विणखात्याची कार्डे कायमची गेली. पुढे दसऱ्याच्या आदल्या दिवशी चौकशी समितीने 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असा शेरा लिहिला. आणि यंदाच्या श्रावणात, दुसऱ्या शुक्रवारी, तो शेरा नावावर असतानाच विश्राम परब लालबागच्या आपल्या खोलीत सकाळी दाढी करता करता कोसळला. जबाबदार चौघे आहेत. यंत्रप्रणालीबरोबर चुकीचे माहितीपुस्तक देणारी कंपनी, पडताळणीआधीच कार्डे लगद्याला पाठवण्याच्या आदेशावर सही करणारे अधिकारी, शेरा लिहिणारे समितीचे अध्यक्ष, आणि मी. पहिल्या तिघांची नावे संपादकांनी गाळली आहेत. चौथे नाव या लेखावर छापलेले आहे.

विश्रामच्या पत्नीचा, सुनंदाचा, फोन आला तेव्हा मी प्रभादेवीच्या घरी त्याच्याच प्रकरणातले स्मरणपत्र लिहीत होतो. "नाना, ते गेले," एवढेच ती म्हणाली. फोन ठेवून मी पुन्हा टेबलाशी येऊन बसलो. अर्जदाराचे नाव लिहायचे राहिले होते. त्यामागे 'कै.' लावावे की अर्ज करतेवेळी माणूस हयात होता असे धरावे, या प्रश्नावर मी पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिलो... लालबागला जायला हवे, हे त्यानंतर सुचले.

विश्राम मला गिरणी संपात भेटला. तो विणखात्यात बदली कामगार होता, म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवशीच त्याला साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायला मिळे. मी हजेरी खात्यात कारकून होतो आणि परळच्या एका खोलीत बसून कामगारांचे तक्रारअर्ज लिहीत असे. संपाच्या दुसऱ्या वर्षी व्यवस्थापनाने जुन्या बदली कामगारांची यादी रद्द केल्याचे तोंडी सांगितले. मी विश्रामला म्हणालो की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, काय सांगतो ते ऐकू नकोस, फळ्यावर सहीनिशी काय लावले आहे ते वाच. त्याने गेटच्या आतल्या फळ्यावरची, यादी कायम असल्याची जुनी सूचना शब्दन् शब्द उतरवून आणली. कामगार न्यायालयात तोच कागद उपयोगी पडला आणि यादी पूर्ववत झाली. पुढे गिरणीच बंद पडली, ती गोष्ट वेगळी. पण लिहिलेले शेवटी खरे ठरते, हे विश्रामच्या मनावर त्या दिवशी जे बसले ते कधी उठले नाही. त्याचे मामा त्याच खात्यात जुने साचेवाले होते. ते मला खोलीत सर्वांसमोर म्हणाले होते, "नानांनू, तुमी ह्येका वकील करतास. साचो वाचून चलणा नाय, हात लावन चलता." खोली हसली. मीही हसलो.

गिरणीनंतर विश्रामने दादरच्या एका क्लासमध्ये संगणक शिकून घेतला. त्याने निरनिराळ्या कार्यालयांत यंत्रे सांभाळली आणि अखेरच्या वर्षांत एका कंत्राटदाराकडे तो भायखळ्यात आला. काम असे होते : बंद गिरण्यांतील कामगारांची हजेरीकार्डे स्कॅन करून ती एकमेकांना जोडलेल्या अनेक यंत्रांवर साठवायची. सरकारी योजनेतल्या घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगाराला गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो आणि बहुतेकांजवळ त्या कार्डाखेरीज दुसरा पुरावा नाही. म्हणून प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या, म्हणजे एक यंत्र बसले तरी दोन प्रती शिल्लक राहतील, असे ठरले होते. कंपनीच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिले होते की प्रतींची संख्या मुख्य यंत्रावर एकदा नोंदवली की ती सर्व यंत्रांना लागू होते. विश्रामने मुख्य यंत्रावर 'तीन' नोंदवले. पडद्यावर हिरवी खूण आली. 'सर्व फाईली सुरक्षित' असा संदेश आला. त्या संदेशाच्या भरवशावर अधिकाऱ्यांनी सही केली आणि ट्रक निघून गेला.

होळीच्या आधीच्या शनिवारी विश्राम माझ्याकडे आला. पुस्तक त्याच्या काखेत होते. चहा घेतला नाही. तीन प्रतींनी यंत्रांतली जितकी जागा भरायला हवी होती, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरली आहे, असे त्याच्या लक्षात आले होते. त्याने एक कोरे पान स्कॅन करून चढवले आणि त्याच्या प्रती मोजल्या. एकच निघाली. मुख्य यंत्रावर काय लिहिले आहे ते बाकीची यंत्रे विचारतच नव्हती. फाईल ज्या यंत्रावरून चढवली जाते त्या यंत्राने मागितलेली संख्या चालत होती, आणि स्कॅनिंगच्या यंत्रांवर कंपनीनेच भरून दिलेल्या सेटिंगच्या फाईलमध्ये 'एक' होते. मग हिरवी खूण कशी आली, असे मी विचारले. तो म्हणाला की एक मागितली, एक आहे. यंत्राच्या लेखी सगळे ठीकच आहे.

"नाना, पुस्तकात लिवलेला एक, आणि मशीन करता दुसराच," तो म्हणाला. "आज दुपारी बसलो तर संध्याकाळपर्यंत सगळ्याच्या तीन प्रती करतंय. एका आज्ञेचा काम. करू काय?"

आता चौथ्या माणसाचा गुन्हा सांगतो. मी नको म्हणालो. गिरणीत हुकमावाचून बिघडलेल्या साच्याला हात लावणाऱ्या कामगारावर छेडछाडीचा आरोप ठेवत, आणि अशी आरोपपत्रे मी डझनांनी वाचलेली होती. मी त्याला समजावले की आज तू संख्या बदललीस तर मूळ चूक तुझी होती असा अर्थ निघेल. आधी कंपनीला आणि अधिकाऱ्यांना पत्र जाऊ दे, पुस्तकातली ओळ आणि यंत्राचे वागणे समोरासमोर मांडू या, त्यांच्याकडून लेखी परवानगी घेऊ या. त्याने विचारले, "आणि तवसर डिस्क बसली तर?"

"लेखी उत्तर येईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

पत्र मीच लिहिले. उत्तम लिहिले होते. शनिवारी दुपारीच ते विश्रामच्या हाताने कार्यालयात दिले आणि पोच घेतली, कंपनीलाही प्रत पाठवली. मंगळवारी डिस्क बसली. विणखात्याची कार्डे ज्या यंत्रावरून चढवली होती, त्यांची एकुलती एक प्रत त्याच यंत्राच्या डिस्कवर होती.

कंपनीचे उत्तर महिन्याभराने आले. पुस्तकात काहीही चुकीचे नाही, सोबतची प्रत पाहावी, असे त्यात होते. सोबतची प्रत नवी आवृत्ती होती. तिच्यात विश्रामने दाखवलेल्या ओळीखाली एक नवी ओळ घातलेली होती : 'ही संख्या फाईल चढवणाऱ्या प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक आहे.' चौकशी समितीपुढे हीच आवृत्ती ठेवण्यात आली. विश्रामने आपल्याकडची जुनी आवृत्ती दाखवली. अध्यक्ष म्हणाले की ती आता रद्द झालेली आहे. कायद्याचा अगदी नवशिका विद्यार्थीही सांगेल की माणसाची चूक त्या दिवशी त्याच्या हाती असलेल्या कागदावरून ठरवायची असते, नंतर छापलेल्या कागदावरून नव्हे. आणि दस्तऐवजातला दोष तो लिहिणाऱ्याच्या माथी जातो, वाचणाऱ्याच्या नव्हे. समितीने दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. वर आणखी एक वाक्य जोडले : दोष लक्षात आल्यावरही कर्मचाऱ्याने तो दूर करण्यासाठी काहीही केले नाही.

त्या वाक्याला विश्रामकडे एका शब्दाचे उत्तर होते. माझे नाव. हात का लावला नाहीस, असे त्याला समितीने विचारल्याचे कामकाजाच्या नोंदीत आहे. 'मला योग्य वाटले नाही,' असे त्याचे उत्तर लिहिलेले आहे. ती नोंद मी त्याच्या मृत्यूनंतर, माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या कागदांत वाचली. जिवंतपणी त्याने मला कधी काही सांगितले नाही. मी पत्रांमागून पत्रे लिहीत राहिलो आणि तो प्रत्येक पत्रावर सही करत राहिला... सही करताना तो मजकूर वाचत नसे, हे मी पाहिले होते. त्याचा माझ्यावर विश्वास आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

शेरा घेऊन तो लालबागेत राहिला. खाली चहाच्या टपरीवर विणखात्यातले जुने लोक बसत. त्यांतल्या एकाने त्याला विचारले होते, "काय रे विश्राम, गिरणी मालकान खाल्ली, कार्डा तू खाल्लंस?" तेव्हा तो हसला आणि सगळ्यांच्या चहाची ऑर्डर दिली, असे सुनंदा सांगते. त्यानंतर मात्र तो त्या बाजूच्या जिन्याने उतरेनासा झाला. मागच्या जिन्याने उतरून, वळसा घालून बाजारात जाई.

तेराव्यानंतर सुनंदाने दोन्ही पुस्तके माझ्यासमोर ठेवली. जुन्या पुस्तकात त्या ओळीशी विश्रामने शिसपेन्सिलीने बारीक खूण केली होती. शेजारी काही लिहिले नव्हते. मी तिला सगळे सांगितले. त्याने काम करू का विचारले होते, आणि मी नको म्हणालो होतो, हेही. ती म्हणाली, "ह्यां तुमी माका आज सांगतास?"

मी दोन्ही पुस्तके घेऊन घरी आलो.

म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहे. समितीने माझी साक्ष घ्यावी. 'काहीही केले नाही' या वाक्यातला कर्ता मी आहे आणि ते वाक्य माझ्या नावावर लिहावे. निष्काळजीपणाचा शेरा विश्राम परब यांच्या नावावरून काढावा. आणि कंपनीला एकच प्रश्न आहे. जुन्या पुस्तकात नसलेली ती ओळ नव्या पुस्तकात कोणी घातली, आणि विश्रामचे पत्र पोचण्याच्या आधी घातली की नंतर? आपले पुस्तक बरोबर होते, तर त्यात भर का घालावी लागली? या प्रश्नाचे उत्तर मला टपालाने पाठवू नये. मी ते पाकीट उघडणार नाही. उत्तर याच पुरवणीत, सही करणाऱ्याच्या नावानिशी छापावे. सुनंदा ही पुरवणी दर रविवारी वाचते. तिच्या खोलीखालच्या चहाच्या टपरीवरही ही पुरवणी येते.