शेजारची सीट

गाडीच्या चामडी सीटना भेगा पडू लागल्या, म्हणून मी ती रशीदभाईंच्या दुकानात नेली. त्यांचं सगळं आयुष्य सीटच्या कामात गेलेलं. माझ्या सीटची झिजलेली कड पाहून ते म्हणाले, "चढता-उतरताना घासते. सगळ्यांचीच घासते." शेजारच्या सीटपाशी मात्र ते थांबले. तिच्या पुढच्या कडेला चार बारीक खाचा होत्या. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"इथं कोण बसतं?"

"माझी बायको."

"घाबरतात त्या. ही नखं आहेत."

मी ते हसण्यावारी नेलं. त्यांनी खाचा भरल्या, रंग जुळवला आणि बजावलं, "गाडी उन्हात ठेवू नका. अधूनमधून मऊ फडक्यानं क्रीम लावा."

घरी आल्यावर मी मेधाला विचारलं, "मी गाडी चालवताना तुला भीती वाटते?"

ती भाजी निवडत होती. "घाटात वाटते. डोळे मिटून घेते मी. तुला वाटतं, झोप लागली."

चौदा वर्षं मी तिला झोपाळू म्हणून चिडवत आलो होतो. इतक्या जवळ बसलेलं माणूस किती मुकाट्यानं झिजत असतं!

पुढच्या रविवारी घाटात मी ट्रकना पुढं जाऊ दिलं. मेधा खिडकीबाहेर बघत होती. एका वळणावर ती एकदम म्हणाली, "अरे थांब ना, बायका करवंदं घेऊन बसल्यात!"

"त्या दरवर्षी बसतात इथं."

"हो?" ती म्हणाली, "मी पहिल्यांदाच बघतेय."