चपला आत घ्या

अमिरातीतल्या फुजैराचे जुने लोक भेटले की तासाभरात गाडी शुक्रवारच्या शाळेवर येतेच. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. बाकीचे पोट धरून हसतात. मला मात्र अजूनही हसताना आधी दाराकडे बघावंसं वाटतं.

शाळा म्हणजे आमचा हॉल. नव्वदचं दशक, शुक्रवारची सुट्टी, अकरा मुलं, रामरक्षा, गीतेचा बारावा अध्याय आणि शेवटी आरती. मास्तरीण मीच. परवानगी कुणाची काढली नव्हती, काढायची असते हेही माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी दार उघडलं, तर माझ्या रांगोळीवर काळं इंजिन ऑइल ओतलेलं. दारावर लाल स्प्रेने इंग्रजीत लिहिलं होतं, 'देवांसकट चालते व्हा.' 

"पोलिसांना कळवू या," मी ह्यांना म्हटलं.

"आणि त्यांनी वर्गाची परमिशन विचारली तर?" हे पोर्टवर नोकरीला. व्हिसा कॅन्सल झाला की संपलंच सगळं.

तेवढ्यात बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, गुलखान वर आला. पेशावरकडचा, दाराएवढा उंच. "किसने किया, बाजी?" मला तो बाजी, म्हणजे ताई म्हणायचा.

"कुछ नहीं, गिर गया," मी म्हटलं. खरं सांगते, मला त्याचाच संशय आला होता. तो लाकडाचा भुसा घेऊन आला आणि तेल पुसून गेला.

*

दार रंगवायला सानेकाका धावले. ते पोर्टच्या स्टोअरमध्ये होते. घाईघाईत त्यांनी जहाजाचा करडा रंग आणला आणि फासला. "वहिनी, खाऱ्या पाण्यात दहा वर्षं हलत नाही."

अख्ख्या बिल्डिंगची दारं तपकिरी, आमचं एकटं करडं. ज्याला आम्हाला पुन्हा शोधायचं होतं, त्याची सोय झाली!

*

मग पालकांची मीटिंग झाली, तीही कुजबुजत. बाहेर अकरा जोड चपला दिसल्या की आत काहीतरी चाललंय हे कुणालाही कळतं. म्हणून चपला पिशवीत घालून आत आणायच्या. घंटा बंद, टाळ्या बंद, आरती ओठांतल्या ओठांत.

पहिल्याच मुक्या आरतीला सात वर्षांच्या केतकीने माझा पदर ओढला. "आंटी, इज बाप्पा स्लीपिंग?"

*

कुणी आलंच तर काय सांगायचं? सानेकाकांनी तोडगा काढला, वाढदिवस! फुगे लावून ठेवायचे, केक तयार ठेवायचा.

बेल वाजली.  पोरं टाळ्या पिटत 'हॅपी बर्थडे' गायला लागली. दारात गॅसवाला, केरळचा. त्याने केक खाल्ला, सिलिंडर ठेवला आणि गेला.

पुढच्या शुक्रवारी तो रेग्युलेटर बदलायला आला. पुन्हा गाणं, पुन्हा केक. जाताना हळूच म्हणाला, "मॅडम, ये बच्चा कितना जल्दी बड़ा होता है."

त्यावर सगळे हसले. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

भीती काही केक खाऊन जात नाही. एकेक पालक कारणं सांगू लागला. अकराची सात झाली, सातांची चार. कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्यामुळे जिन्यात भेटेल तो माणूस मला तोच वाटायचा.

"खलास," एका गुरुवारी हे म्हणाले. "उद्या शेवटचा वर्ग. नोकरी गेली तर खायचं काय?" 

शुक्रवारी चौघं आली, चपला पिशवीत घेऊन. मी मुक्यानेच आरतीची तयारी केली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. मी हातातलं निरांजन खाली ठेवलं. दाराच्या भिंगाला डोळा लावून पाहिलं, कोणी दिसेना. शेवटी दार बोटभर उघडलं.

उंबऱ्याबाहेर, रांगोळीच्या जागेशेजारी, भल्यामोठ्या पेशावरी चपलांचा एकच जोड नीट मांडून ठेवलेला. बाजूला पायरीवर गुलखान अनवाणी बसला होता, हातात जपमाळ.

"गुलखान, ये क्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बच्चों का चप्पल बाहर रखो, बाजी. जिधर पढ़ाई होता है, उधर चप्पल अंदर नहीं ले जाते."

मी आत गेले आणि पिशवी घेऊन आले.