घोड्याच्या घरातलं प्यादं

आमचा बडोद्यातल्या निजामपुऱ्याचा बुद्धिबळ क्लब म्हणजे चार पट आणि एक चहाची किटली. मी कॅप्टन, तोही दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. चौथ्या पटावर एक काका खेळायचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना खेळ शिकवला त्यांच्या आजोबांनी, जे बडोदे संस्थानाच्या फौजेत होते. नियम अर्थात जुने देशी. त्यात प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं मिळतं. सरावात काका दोनदा घोड्याच्या घरात पोचले आणि वजीर मिळत असताना मुकाट्याने घोडा घेऊन बसले. दोन्ही डाव हरले. मी तापट माणूस, सगळ्यांदेखत झापलं. यापुढे प्यादं पोचलं की डोळे मिटून वजीर, असं बजावलं.

लीगची शेवटची लढत करजणच्या संघाशी होती, गोत्रीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. जिंकलो तरच वरच्या गटात राहणार होतो. तीन पटांवर दोन्ही संघांचे दीड-दीड गुण झाले आणि सगळं काकांच्या काळ्या मोहऱ्यांवर येऊन ठेपलं. समोरच्या तरुणाचा वजीर पुढच्याच खेळीला मात देणार होता. काकांचं प्यादं घोड्याच्या घरापासून एक पाऊल दूर. घड्याळ पळत होतं, तरी दहा मिनिटं काका हलले नाहीत. मग प्यादं सरकवलं, पटाबाहेर ठेवलेल्या काळ्या वजिराला बोटही न लावता घोडा उचलला आणि ठेवला.

शिवी अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात पट नीट दिसला. घोड्याचा राजाला शह, आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात पांढरा वजीर. राजा हलवावाच लागणार, वजीर जाणारच. काकांनी वजीर घेतला असता तर शह बसला नसता आणि पुढच्या खेळीला आमचीच मात होती. इतकी वर्षं खेळतोय, असं डोळ्यांसमोर घडताना कधी पाहिलं नव्हतं.

"काका, आ तो में जोयुं ज नहीं," हे आपल्याला दिसलंच नाही, असं म्हणत त्या तरुणाने डाव सोडला आणि वाकून नमस्कार केला.

बाहेर पडताना मी भीतभीतच विचारलं, सवयीने घेतला की विचार करून?

काका चपला शोधत होते. म्हणाले, "घोडा तर मिनिटभरात दिसला होता. बाकीची नऊ मिनिटं तुम्ही चिडाल, याचाच विचार चालला होता."