खटक्यावरचा शेंदूर

शेणव्याच्या कातकरवाडीतला जाणू अक्षरशत्रू, पण मेस्त्रीच्या खालोखाल ब्याटरीच्या गाडीची नस ठाऊक होती ती त्यालाच. छप्पन्न साली डोंगरातून पाण्याचा बोगदा खणायला घेतला तेव्हा तो माती उपसायला लागला. बोगद्यात डिझेलचा धूर कोंडतो म्हणून रुळांवरची ही बुटकी गाडी आणलेली. ती आत जायची आणि दगडांचे डबे ओढत बाहेर यायची. मेस्त्री मुरबाडकडचा, तोंडानं फटकळ, मनानं साफ. गाडी हलली नाही तर काय बघायचं ते त्यानं जाणूकडून घोकून घेतलं होतं: आधी ब्याटरीचं पाणी, मग तारांची टोकं, मग ब्रेक, शेवटी वीज जोडणारा मोठा खटका. वर्षभरात जाणू गाडी हाकायला लागला. नवऱ्याची ऐट बघायला यमू मुद्दाम मोळी घेऊन वाकड्या वाटेनं बोगद्यावरून जायची.

यमूचा धाकटा भाऊ महादू. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. त्याला कामावर लावला तो जाणूनंच.

त्या दसऱ्याला मेस्त्री घरी गेला आणि गाडीची पूजा जाणूकडे आली. दुसऱ्या कुणी पुढच्या पत्र्याला बोट टेकवून भागवलं असतं. पण वाघोबाला शेंदूर लावायचा तो हात भरून, हे जाणूला बापानं शिकवलेलं. मग जिच्यावर पोट चालतं तिच्याशी चिक्कूपणा कसा करायचा? त्यानं खटक्याची पेटी उघडली आणि गाडीचा जीव जिथं असतो त्या खटक्याच्या तांब्याच्या पात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर थापला. वर हात जोडले. त्याच्या भोळेपणाला हसावं असं कितीदा वाटतं, पण हसू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं पायी आत गेली. घटकाभरात एकजण बोंबलत बाहेर आला. "वरचा दगूड आला खाली! महादूचा पाय शिळेखाली हाय! जॅक आना!"

जॅक गाडीवरच होता. जाणूनं बाहेरची मूठ दाबून खटका लावला, दांडा ओढला. गाडी ढिम्म.

"चौघं जनं खांद्यावर घेऊन पळू," मुकादम धाऊ म्हणाला.

"मैलभर पान्यातून? थांबा रे, आत्ता चालू करतो."

गाडीतलं त्यालाच कळतं, म्हणून सगळे थांबले. जाणूनं ब्याटरीचं एकेक झाकण काढून पाणी पाहिलं. तारांची टोकं खरवडली. ब्रेक सोडून बघितला. उरला खटका. पेटी उघडली तर आत लालभडक देव बसलेला. जाणूचा हात मागं आला. मेहुणा मरणाच्या दारात, आणि आपण देवाच्या अंगावरचा शेंदूर पुसायचा? त्यानं पेटी लावली आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी बघायला घेतलं. गाढवा, जाणू, गाढवा!

"खटका बघितलास का रं?" शेवटी धाऊ त्याच्या अंगावर ओरडला.

तेव्हा कुठं जाणूनं कमरेचा पंचा सोडला आणि डोळे मिटून पाती पुसली. तेलकट थरानं अडलेली वीज धावली आणि गाडी धक्का देऊन निघाली.

पण अर्धा तास गेला होता. शिळा उचलली तेव्हा महादूचं रक्त पायाखालच्या पाण्यातून वाहून गेलेलं. बोगद्याच्या तोंडाशी येईपर्यंत तो संपला.

मेस्त्री परत आला. त्यानं चारचौघांत जाणूच्या पाठीवर हात ठेवला. "बंद पडलेली गाडी एकट्यानं चालू केलीस. पोराचंच नशीब खोटं." जाणू मान खाली घालून उभा राहिला आणि ते कौतुक त्यानं अंगावर घेतलं. खरं बोलायचा तो एक क्षण होता, तो गेला.

यमूनं वाघोबाला हात जोडणं सोडलं. येता-जाता ती दगडासमोर उभी राहायची आणि भावाच्या नावानं देवाला सात पिढ्यांच्या शिव्या घालायची. जाणू ऐकायचा. आठ वर्षं ऐकल्या. प्रत्येक शिवी खरी कुणाच्या वाट्याची ते त्याला ठाऊक होतं. मग एका दुपारी, ती चुलीपाशी भाकरी थापत असताना, त्यानं सगळं सांगून टाकलं. शेंदूर, पेटी, थांबवलेली माणसं, सगळं.

यमूचे हात थांबले.

"इतकी वरसं मी देवाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "तो दगूड. त्याला काय नाय लागत. तुला लागतील."

भाकरी तव्यावर पडली. यमूनं त्याला वाढलं, नेहमीसारखं. त्या दिवसापासून ना तिनं देवाला शिवी दिली, ना नवऱ्याला. मरेपर्यंत जाणू त्या शिव्यांची वाट बघत होता.