शंभरावरच्या मुली

कुठलीही टक्केवारी समोर आली, की अक्का तिच्याखाली बोट ठेवून विचारायची, "सरी, बरंय, पण कशानं भागलंस गे?"

म्हैसूरला शाळांची आकडेवारी जुळवणाऱ्या एका कचेरीत मी तिच्या हाताखाली होते. मी पुण्याहून आलेली. ती पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची, त्यामुळे तिचं मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायचं. मला ती 'पुणेरी पंडिता' म्हणायची. अस्सा राग यायचा! पण तिच्या डब्यातला अर्धा बिसीबेळे भात माझ्याच ताटात पडायचा, मग बोलणार काय?

एकदा टी. नरसीपूरकडच्या एका गावात सहावी ते आठवीच्या पटनोंदणीचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेलं. साहेब भडकले. "शंभर मुलांतली शंभराहून जास्त शाळेत? खोटी नावं घुसडलीत. जास्तीची कापा!"

खरं सांगा, तुम्हीही हेच म्हणाला असता.

"अय्यो, थांबा सर," अक्का म्हणाली. "भागायला घेतलीत गावातली त्या वयाचीच मुलं. आणि वर मोजलीत वर्गात बसलेली सगळी, वय काही का असेना. शाळा सुटलेली मोठी मुलं परत आली, तर आकडा शंभर ओलांडणारच की!"

"मोठी मुलं कशाला परत येतात?"

"ते तिथंच विचारू. चला."

साहेबांना असं 'चला' म्हणायची छाती आमच्यात फक्त तिची. गेलो. सातवीच्या वर्गात मागच्या बाकांवर बाईंपेक्षा उंच मुली बसलेल्या. घरी उदबत्त्या वळायला बसवल्या म्हणून शाळा सुटली होती त्यांची. मुख्याध्यापिका घरोघर जाऊन, बापांशी भांडून त्यांना परत घेऊन आली होती. "आता नाव कापलंत, तर घरचे पुन्हा नाही पाठवणार," ती म्हणाली.

साहेबांनी एकीला वय विचारलं.

"पंधरा, सर," ती खाली बघत म्हणाली. मग मान वर करून, "पण दहावी करणार मी."

अक्काला राहवेना. "बघा सर, ही तुमची 'खोटी' मुलगी. समोर उभी आहे. कापायची हिला?"

साहेबांनी हातातली यादी मिटली. हळूच म्हणाले, "बेड." म्हणजे, नको! अक्कानं टाळी वाजवली आणि कशाबद्दल ते न कळताच अख्ख्या वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. परतताना जीपमध्ये ती मोठ्यानं गात होती. भयंकर बेसूर. पण त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला, की मीही सुरात सूर मिसळला.

पुढे अक्का निवृत्त झाली. तिच्या खुर्चीवर बसताना आजही मी अवघडते.

काही वर्षांनी त्याच गावाचा आकडा धाडकन खाली आला. कचेरीत गोंधळ! 'मुली पुन्हा सुटल्या' म्हणून मी धास्तावून धावले. वर्गातले मागचे बाक रिकामे. मुख्याध्यापिका मात्र हसत होती. "सुटल्या कुठं? वर गेल्या! हायस्कूलमध्ये आहेत सगळ्या. ती पंधरावाली तर दहावी पास झाली."

मी शाळेच्या दारातूनच अक्काला फोन लावला. सगळं सांगितलं. रडत की हसत कोण जाणे, ती घरात ओरडली, "अहो, ऐकलंत का? माझा आकडा घसरला! घसरला की हो!"